मधल्या तळ्याचं गेट

मर्वच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि गाडीची किल्ली माझ्या हातात आली.

दवाखान्यातली डॉक्टरीण आमच्या मुलीच्या वयाची. तिने त्याला शांतपणे सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. मर्व भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. बाहेर आल्यावर नेहमीसारखा ड्रायव्हरच्या दाराशी गेला. डाव्या हाताने दार उघडलं, पाय उचलला, तो काही वर पोचेना. परत उचलला. मी औषधांची पिशवी धरून मागे उभी. चौथ्या खेपेनंतर काठी टेकत त्याने गाडीला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन माझ्या सीटवर बसला.

"बघत काय उभी राहिलीस? चल."

एकतीस वर्षं ती माझी सीट होती. तिच्यावर माझ्या बुडाचा खड्डा पडलाय. त्यात तो नीट बसेना.

आमच्याकडे शेजारी बसेल त्याने उतरून गेट उघडायचं. गाडी पुढे जाईपर्यंत धरून उभं राहायचं, मग ओढून लावायचं, साखळी अडकवायची आणि पळत येऊन बसायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण यातून पाद्रीसुद्धा सुटत नाही. डांबरी रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत पाच गेटं, घरापासून मधल्या तळ्यापर्यंत चार. लग्न करून आले त्या दिवशी नव्या बुटांनी पाच उघडली. पोटुशी असताना उघडली, पोर कडेवर घेऊन उघडली, मागे सासऱ्यांची शवपेटी बांधलेली असताना उघडली. मर्व इंजिन चालू ठेवून बसायचा. मला उशीर झाला की गाडी हातभर पुढे घ्यायचा आणि थांबवायचा. तोंडाने काही बोलायचं नाही, नुसती गाडी हातभर पुढे.

दुसरा नियम याहून मोठा. गेट जसं सापडलं तसं सोडायचं. उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं. मेंढ्या कुठे आहेत आणि पाणी कुठे आहे, हे त्या गेटावरून ठरतं.

हा दुसरा नियम मी मोडला, असं सगळा मुलूख म्हणतो.

सव्वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ. पोर दहा महिन्यांची. मेंढ्या मागच्या रानात होत्या आणि पाण्यासाठी मधल्या तळ्यावर यायच्या, म्हणून तळ्याचं गेट उघडं ठेवलेलं होतं. आम्ही दोघं सकाळी तिथून आलो, संध्याकाळी मर्व मेंढ्यांच्या विक्रीला गेला, तीन दिवस. गाडी घेऊन गेला. चौथ्या दिवशी शेजारचा आल्फ कुंपण बघत फिरत होता, त्याला वास आला. गेट लावलेलं होतं. साडेतीनशे मेंढ्या कुंपणाला तोंड लावून मेल्या होत्या. पलीकडे शंभर पावलांवर पाणी.

मर्व परत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ग्लेनिसने लावलं असणार. गेट तीच हाताळते."

मी उघडं ठेवलं होतं. तेव्हा मला तसं वाटत होतं. मग महिन्याभराने वाटलं, ठेवलं होतं ना? वर्षाने वाटलं, पोर रडत होती, माझं लक्ष नसेल. पुढे पुढे मला माझेच हात साखळी अडकवताना दिसायला लागले. गावच्या हॉलमध्ये मी शिरले की बार्नी, आमच्या आगीच्या बंबाचा म्होरक्या, ओरडायचा, "ग्लेनिस आली रे! दाराशी कुणीतरी थांबा, नाहीतर आपण सगळे आत तहानेने मरू!" लोक हसायचे. मर्व सगळ्यांत आधी हसायचा. सव्वीस वर्षं एकच विनोद. बार्नीचे केस गेले, दोन बायका गेल्या, विनोद तसाच.

तर दवाखान्यातून येताना पहिलं गेट आलं. मी थांबले. मर्व समोर बघत बसला. मीही समोर बघत बसले. मग मीच उतरले, सवयीने. उघडलं, येऊन गाडी पुढे घेतली, परत उतरून लावलं.

"साखळी नीट लाव," तो आतून म्हणाला.

पाच गेटं. दहा वेळा उतरले. पंधरवडाभर असंच चाललं.

आल्फ त्या हिवाळ्यात वारला होता. त्याची बायको कॉरल आमची शेजारीण. चाळीस किलोमीटरवर राहते. नोव्हेंबरात तिच्याकडे सरकीच्या गोण्या आणायला गेलो. तिच्या ओसरीच्या पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून मर्व कुत्र्याला घेऊन गाडीतच बसला. कॉरलने चहा केला. साखर ढवळत बसली, ढवळतच राहिली.

"आल्फचं एक तुला सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "तुला राग येईल."

"बिस्किट दे आणि बोल."

"तो पहिला पोचला होता ना तळ्यावर, ती मेंढरं मेली तेव्हा. साखळी त्यानेच काढली." तिने चमचा खाली ठेवला. "उजव्या हाताची होती, गं."

मी डावखुरी. साखळी मी खांबाला डावीकडून वेढते आणि कडी खालून खिळ्यात घालते. मर्व उजवीकडून वेढतो, वरून टाकतो. आमच्या मुलखात साखळी बघून माणूस ओळखतात.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच संध्याकाळपासून."

"सव्वीस वर्षं?"

"आल्फ म्हणाला, गप्प बस. मर्व मोडून पडेल म्हणाला."

"आणि मी?"

कॉरल टेबलाकडे बघत म्हणाली, "तू मोडत नाहीस, ग्लेनिस. हे सगळ्यांना माहीत होतं."

मी बिस्किट खाल्लं. आल्याचं होतं. त्याची चव अजून जिभेवर आहे.

परत येताना पहिल्या गेटाशी मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मर्व म्हणाला.

"गेट."

"मग उघड."

"शेजारी बसेल त्याने."

तो हसला. मी हसले नाही तसा त्याने उजवा हात मांडीवरून उचलून दाखवला, मेलेला ससा दाखवावा तसा. "हे बघ काय झालंय."

"दुसरा आहे की."

माश्या आत आल्या. कुत्रा, टिप, मागून कुंईकुंई करायला लागला. शेवटी मर्वने दार ढकललं, काठी खाली टाकली, तिच्यामागे स्वतः उतरला. डाव्या हाताने साखळी धरायची, आणि काठी कुठे ठेवायची? ती खाली पडली. वाकला, टोपी पडली. गेट आमचं जुनं, बिजागरीतून खचलेलं. उचलून ओढावं लागतं. त्याने खांदा लावून उचललं. मी गाडी पुढे घेतली आणि आरशात बघत राहिले. तो साखळी वेढायला लागला. एकदा निसटली. दोनदा निसटली.

मग मी गाडी हातभर पुढे घेतली आणि थांबवली.

आरशात त्याने मान वर केली. त्याला समजलं. माझ्या पोटात इतकं गार वाटलं की विचारू नका. पावसानेसुद्धा तसं वाटलं नसतं.

त्या दिवसापासून रोज.

पाऊस नव्हताच. तिसरं वर्ष. जमिनीवर गवत म्हणून काही उरलं नव्हतं, म्हणून मेंढ्यांना मल्गाची झाडं तोडून पाला घालायचा. करवतीचं यंत्र मर्वचं, आता ते मी चालवायचे. पहाटे पाचला निघायचं, मी फांद्या पाडायच्या, त्याने एका हाताने ओढून पसरायच्या. भुसा घामाला चिकटून माझी मान सोलून निघाली होती. पहिल्या आठवड्यात यंत्र माझ्या दंडात असं काही थरथरायचं की जेवताना काटा हातात धरवेना. मेंढ्या करवतीचा आवाज ऐकून पळत यायच्या, झाड पडायच्या आधीच खाली येऊन उभ्या. दोनशे बारा उरल्या होत्या. बाकीच्या विकल्या, काही मेल्या. या दोनशे बारा म्हणजे आमचं पुन्हा उभं राहणं, पाऊस आला तर. या गेल्या की घर, शेड, एकतीस वर्षं, सगळंच नुसतं पत्र्याचं.

मधलं तळं आटून चिखलाचं ताट झालं होतं. पाण्याला जाताना अशक्त मेंढ्या रुतायच्या. मग गुडघाभर चिखलात शिरून पोटाखालून दोरी घालायची आणि ओढायचं. कावळे कडेला बसून वाट बघायचे. आधी डोळे खातात. मर्व काठावरून सांगायचा, "मागून धर. मागून! एवढी वर्षं काय शिकलीस?"

"तू ये ना आत."

तो काठीने काठावरचा चिखल चाचपायचा. आणि मी बाहेर आले की गाडीत बसून वाट बघायचे, तो गेट उघडेपर्यंत.

मी त्याला काही सांगितलं नाही. कॉरल काय म्हणाली, ते मी तोंडात गोळीसारखं धरून ठेवलं होतं. किल्ली गळ्यात दोऱ्याला अडकवली. चहा कधी व्हायचा ते मी ठरवायला लागले. रेडिओ मी बंद करायचे. त्याने विचारलं, "उद्या कुठल्या बाजूला जायचं?" तर मी म्हणायचे, "बसलास की कळेल." हे वाक्य त्याचंच, जसंच्या तसं. एकदा त्याने साखळी लावून आल्यावर मी परत पाठवलं, सैल आहे म्हणून. सैल नव्हती. तो गेला, हात लावून आला, बसला. शर्ट पाठीला चिकटलेला, पायाची पोटरी थरथरतेय.

"आता?" म्हणाला.

"आता बरी आहे."

मला वाटलं होतं, यात कधीतरी पोट भरेल. भरत नव्हतं. रोज थोडं जास्त लागत होतं.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, बार्नीचा फोन आला. शनिवारी हॉलवर सगळ्यांना बोलावलंय, सॉसेज भाजणार, बंबाच्या लोकांचं दरवर्षीचं. "मर्वला घेऊन ये. आणि ग्लेनिस, दार उघडं ठेवून ये बरं का!" फोनवरसुद्धा.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात सगळं तयारच होतं, जसं कुणी आधी मांडून ठेवलंय. मर्व आता डाव्या हाताने साखळी लावतो. डावीकडून, खालून. हुबेहूब माझ्यासारखी. साखळी आता कुणाचंच नाव सांगणार नव्हती. आणि हल्ली गेट कोण हाताळतो, हे मुलखाला माहीत होतं.

मंगळवारी पहाटे आम्ही तळ्यावर गेलो, तीन मेंढ्या ओढून काढल्या. येताना मर्वने तळ्याचं गेट उघडं होतं तसं उघडं ठेवलं. मी आरशात पाहिलं. तो साखळी हातात घेऊन क्षणभर उभा होता, मग सोडून दिली. मेंढ्या मल्गाखाली सावलीला गेल्या होत्या. ऊन वाढलं की परत पाण्याला येणार. घरी आल्यावर मी म्हटलं, "करवत विसरले," आणि एकटी परत गेले. करवत गाडीतच होती, ताडपत्रीखाली.

चारही गेटांना दोनदा उतरले. तळ्याचं गेट ओढलं, लावलं. साखळी वेढली, कडी घातली. हात थरथरला नाही. तेच मला नंतर फार लागलं, हात जरासुद्धा थरथरला नाही.

दुपारी दोनला पारा सेहेचाळीसवर होता. छताचा पत्रा कडकड वाजत होता. मी थंड मटण कापून ताटात वाढलं. मर्व डाव्या हाताने खात होता, शर्टावर सांडत होता. मी विचार केला होता बुधवारपर्यंत थांबायचं. पण मला बघायचं होतं. तो मटण चावत असताना मला त्याचं तोंड बघायचं होतं.

"तळ्याचं गेट उघडं ठेवलंस ना सकाळी?"

"ठेवलं."

"नक्की?"

"ठेवलं म्हटलं ना."

"साखळी हातात घेतली होतीस. आरशात दिसलं मला."

त्याचं चावणं थांबलं. त्याने काटा खाली ठेवला आणि डाव्या हाताकडे पाहिलं. उलटा करून पाहिला, तळवा पाहिला, जणू त्यावर काहीतरी लिहिलं असेल.

"घेतली होती?"

"हो."

त्याने तो हात टेबलाखाली घेतला. मग म्हणाला, "मग लावलं असेन. माझं डोकं हल्ली... लावलं असेन, ग्लेनिस."

तो चेहरा मला पाठ होता. सव्वीस वर्षं न्हाणीघराच्या आरशात रोज सकाळी मी तोच चेहरा धूत होते.

तो उठला. काठी घेतली, टोपी डोक्यावर वाकडी बसली. "चल."

"ऊन उतरू दे."

"ऊन?" तो ओरडला, आणि आवाज मधेच फाटला. "त्या तिकडे कुंपणाला उभ्या असतील!"

पहिलं गेट त्याने उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्याला तो पळाला. वारं गेलेला माणूस पळतो म्हणजे काय, ते मी पाहिलं. अर्धं अंग पुढे, अर्धं मागून ओढत. पडला. माझा हात दाराच्या मुठीवर गेला, तोवर तो खांबाला धरून उठलासुद्धा होता, कोपराला रक्त आणि त्यावर माती. गेट उघडून मला हाताने खुणावत होता, जा, पुढे जा, मला नको थांबू.

चौथ्याशी त्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या तारेला तोंड लावून. माना पुढे, तोंडं उघडी, जीभ बाहेर, कुशी भात्यासारख्या हलताहेत. आवाज एकीचाही नाही. मर्वच्या बोटांना साखळी सापडेना. मी उतरले, त्याच्या बाजूला उभी राहिले आणि माझ्या हाताने कडी काढली. एकाच झटक्यात निघाली, माझीच होती ना. मेंढ्या आमच्यातून गेल्या. आम्ही दोघं गेटाला चिकटून उभे, त्यांचा धुरळा तोंडात.

तीन राहिल्या. दोघी चेंगरल्या, एक उभ्या उभ्या गेली असावी. मी त्यांना पायाला धरून बाजूला ओढलं. मर्व गेटाच्या खांबाला पाठ टेकून खाली बसला होता.

"तीनच," तो म्हणाला. "देवाची कृपा. माझ्यामुळे तीनच."

"मी लावलं होतं," मी म्हटलं.

तो पाण्याकडे बघत होता.

"तू उघडं ठेवलं होतंस. करवतीचं सांगून मी येऊन लावलं." मी पुढे म्हटलं, "आणि तेव्हाचं तू. आल्फने साखळी पाहिली होती."

नाही म्हणेल असं वाटलं होतं. मी त्याची तयारी करून ठेवली होती. पण तो नाही म्हणाला नाही.

"विक्रीला जायच्या आधी एडके हलवले," तो म्हणाला. "सवयीने लावलं. दुसऱ्या दिवशी तिकडे आठवलं."

"फोन होता तिथे."

"होता."

"मग?"

"तू विचारलं असतंस, कुणी लावलं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. साडेतीनशे मेंढ्या. वीस सेकंदांचा फोन.

"आणि माझं नाव का घेतलंस?"

त्याने डावा खांदा उडवला. "तू शेजारी उभी होतीस."

माश्या मेलेल्या मेंढ्यांवर बसायला लागल्या. तो म्हणाला, "मग आता फिटलं."

"नाही फिटलं. शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर तुझ्या तोंडाने सांगायचंस. बार्नीसमोर."

"सांगतो."

"माझ्याकडे बघून."

"सांगतो म्हटलं ना."

शनिवारपर्यंत आम्ही काम केलं. पाला तोडला, चिखलातून ओढलं. तो दुपारी ओसरीवर बसून काहीतरी पुटपुटायचा. एकदा मी दाराआडून ऐकलं. पाठ करत होता. "ते गेट, ते गेट मी..." शाळेतल्या पोरासारखं. इथे मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण मग मी मनातल्या मनात त्याचं वाक्य सुधारायला लागले. इथे थांबायचं, इथे वर बघायचं. भांडी घासताना मीच त्याचं भाषण पाठ करत होते. सव्वीस वर्षं तो माझ्या तोंडी शब्द घालत होता, आता मी त्याच्या घालत होते. बसलो होतो त्याच गाडीत, फक्त सीट बदलून.

शनिवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं मी लावली, शेवटचं सोडून. ते त्याने स्वतः लावलं, बराच वेळ घेऊन. चार गेटं त्याने उघडली, चारही लावली. आता त्याला जमायला लागलं होतं. काठी बगलेत धरायची, गुडघ्याने गेट दाबायचं. पाचवं गेट डांबरी रस्त्याचं. त्याने उघडलं, मी गाडी बाहेर काढली. आरशात बघितलं. तो लावायला वळला होता. पांढरा शर्ट, पाठीवर घामाचं बेट, ओठ हलत होते. भाषण.

मी गिअर टाकला आणि गेले.

आधी हातभरच गेले. तो दचकला नाही, सवय झाली होती त्याला. मग आणखी गेले. आरशात तो छोटा होत गेला, काठी वर केली त्याने, काहीतरी ओरडला. पाण्याचा कॅन मी आधीच गेटाजवळच्या पिंपामागे उतरवून ठेवला होता. म्हणजे बघा, मला आधीच माहीत होतं. कुणाला सांगायची नाही ती गोष्ट माणूस स्वतःलाही सांगत नाही.

हॉलमध्ये शिरले तशी बार्नीने चिमटा वर केला. "आली रे आली! दाराशी कोण आहे? धरून ठेवा!"

लोक हसले. निम्मे तर आता का हसायचं तेही विसरलेले.

"मर्व कुठाय?" कुणीतरी म्हणालं.

"गेटाशी."

"काय करतोय?"

"लावतोय."

आणखी हसले. मी ब्रेडचा तुकडा हातात घेतला.

"बार्नी, ते गेट मी लावलं नव्हतं."

"कुठलं?"

"तळ्याचं. सव्वीस वर्षांपूर्वीचं."

बार्नीचा चिमटा तसाच हवेत. "मग कुणी लावलं?"

"साखळी उजव्या हाताची होती."

"आल्फने पाहिली होती," कॉरल कोपऱ्यातून म्हणाली. उठून उभी राहिली होती ती. "मला त्याच दिवशी सांगितलं त्याने. मी गप्प बसले."

चहाच्या पिंपाचं पाणी उकळून बटण टक्कन वर आलं. मग बार्नी म्हणाला, "च्यायला." मग म्हणाला, "मर्व साला." मग त्याच्या सॉसेज करपायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, पश्चिमेकडे ढग आहेत म्हणतात. दुसरं म्हणालं, गेल्या वर्षीपण होते. झालं. संपलं. मी दोन सॉसेज खाल्ल्या आणि खोबऱ्यात घोळलेला केक खाल्ला. कुणी माझी माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे.

परत यायला तीन तास झाले होते. लांबूनच दिसलं, आमचं रस्त्याचं गेट सताड उघडं. आणि मधोमध, त्या मोकळ्या जागेत, पालथ्या पिंपावर मर्व बसलेला. मानेपर्यंत लाल झालेला, काठी आडवी धरून. आतल्या बाजूला, त्या आठवड्यात रस्त्याकडच्या रानात हलवलेल्या चाळीसेक मेंढ्या त्याच्याकडे बघत उभ्या, आणि तो त्यांना जाऊ देत नव्हता. डांबरी रस्त्यावरून मालाचे ट्रक जातात. तीन तास तो स्वतः गेट होऊन बसला होता.

मी काच खाली केली. "लावलं का नाहीस?"

"साखळी लागेना."

मागची चार गेटं त्याने कशी लावली होती ते मी आरशात पाहिलं होतं.

"लावून ठेवलं असतं तर तुला उतरावं लागलं असतं," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. मग म्हणाला, "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"बार्नीच्या सॉसेज करपल्या."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने सोललेल्या मानेवरून हात फिरवला. "सव्वीस वर्षं," म्हणाला.

"बाजूला हो," मी म्हटलं.

मी गाडी आत घेतली. मागे गेटाची बिजागरी करकरली. मी हात वर करून आरसा छताकडे फिरवला. त्यात नुसतं ताडपत्रीचं टोक आणि आभाळ. त्याला किती वेळ लागला मला माहीत नाही. साखळी कुठल्या बाजूने घातली, कितीदा निसटली, काही माहीत नाही. दार वाजलं, तो बसला, आम्ही निघालो.

माफ केलं का? नाही. अजून नाही. ज्या दिवशी करेन त्या दिवशी करेन, कुणी गाडी हातभर पुढे घेऊन मला घाई करायची नाही. किल्ली मात्र मी गळ्यातून काढून खिळ्याला लावली. दर गुरुवारी मी एकटीच गाडी घेऊन निघते. तो विचारतो, "कुठे चाललीस?"

"बाहेर."

"कधी येशील?"

"येईन तेव्हा."

त्याला राग येतो. पण उरलेल्या दिवशी गाडीत बसतो आणि गेटं उघडतो, आणि अधूनमधून मीही उतरते.

पहिल्या गुरुवारी मात्र गंमत झाली. एकटीच निघाले. मांडीवर सँडविच, कुठे जायचं ते ठरलेलं नाही. कोरड्या नदीत एखाद्या झाडाखाली बसेन म्हटलं. पहिलं गेट आलं. मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसले. बसले ती बसलेच. माश्या आल्या. टिप मागे उठून उभा राहिला. चांगली पाच मिनिटं गेली असतील. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे माझी नजर गेली, आणि गेट उघडायला कुणी येणार नाही हे एकदाचं माझ्या ध्यानात आलं.

मोठ्याने हसले. मग खाली उतरले. गेट उघडलं, गाडी पलीकडे नेली, परत उतरले, लावलं. साखळी डावीकडून, कडी खालून.

अजून चार होती.